पुण्यात बिऱ्हाड हलवताना आधी हद्द पाहा, मग फ्लॅट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च संपत आला की लातूर, नांदेड, सोलापूर, अकोला, जळगावकडच्या अनेक घरांत पुण्याला बिऱ्हाड हलवायची तयारी सुरू होते. जूनमध्ये मुलांची शाळा, त्याआधी सामान लावून व्हायला हवे, म्हणून दोन शनिवार-रविवारांत दहा-बारा फ्लॅट पाहून टोकन दिले जाते. त्या घाईत पाहिल्या जातात त्या टाइल्स, मॉड्युलर किचन, क्लबहाउस आणि भाड्याचा आकडा. लहान मुले आणि थकलेले आई-वडील असलेल्या कुटुंबाचे पुढचे दिवस कसे जातील, हे मात्र उपनगर कोणाच्या हद्दीत आहे, पाणी कुठून येते आणि शाळेची वाट कशी आहे, यावर ठरते. हे प्रश्न टोकन देण्याआधी विचारले जावेत, या कळकळीने हे पत्र.

पत्त्यात 'पुणे' लिहिले म्हणजे घर पुणे महापालिकेत आहे असे नाही. बालेवाडी पुणे महापालिकेत; मुळा नदी ओलांडून वाकडला गेलात की पिंपरी-चिंचवड महापालिका; तिथून चार किलोमीटरवर हिंजवडी-माण, तिथे ग्रामपंचायत, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) आणि आयटी पार्क एमआयडीसीचे. जाहिरातीत मात्र तिन्ही ठिकाणे 'वेस्ट पुणे' म्हणून एकाच ओळीत येतात. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी ही २३ गावांपैकी आहेत, जी ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती, त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळी करून त्यांची नगरपरिषद झाली. हद्द कागदावर एका दिवसात बदलते. जलवाहिनी, ड्रेनेज आणि रस्ते यायला वर्षे लागतात. म्हणून घरमालकाकडे किंवा सोसायटीच्या कार्यालयात मालमत्ता कराचे ताजे बिल मागावे. त्यावर ज्या संस्थेचे नाव छापलेले असेल, तिच्याच दारात उद्या कचरा, दिवाबत्ती आणि गटाराची तक्रार घेऊन जायचे आहे. वीजबिलावरून हे कळत नाही, ते सगळीकडे महावितरणचेच असते.

पाण्याबद्दल 'चोवीस तास पाणी आहे' एवढे उत्तर पुरेसे मानू नये. टाकीतून नळाला चोवीस तास पाणी येणे निराळे आणि त्या टाकीत ते कुठून पडते हे निराळे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे मान्य प्रमाण आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, म्हणजे २०० फ्लॅटच्या सोसायटीला रोज एक लाख आठ हजार लिटर. हे सगळे टँकरने आणायचे तर दहा हजार लिटरचे अकरा टँकर रोज लागतात. पुरवठा पूर्ण असेल तर फाटकावरच्या नोंदवहीत टँकर अधूनमधूनच दिसतील. ती नोंदवही आणि मार्च ते मे या तीन महिन्यांची टँकरची बिले पाहायला मागा. पावसाळ्यानंतरची बिले दाखवून उपयोग नाही, तेव्हा बोअरलाही पाणी असते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. तेव्हा तिथे जमिनीखालची टाकी दोन दिवसांचा साठा धरेल एवढी, म्हणजे याच हिशोबाने किमान सव्वादोन लाख लिटरची आहे का, हे विचारावे. नव्या हद्दीतल्या काही प्रकल्पांत महापालिकेचे पाणी येईपर्यंत पुरवठा करण्याचे हमीपत्र विकासकाने दिलेले असते. सोसायटी ताब्यात दिल्यावर तो भार सभासदांच्या देखभाल खर्चात येतो आणि भाडेकरूकडून 'मेंटेनन्स वाढला' म्हणून वसूल होतो.

पाणी किती, याइतकेच ते कसे आहे हेही महत्त्वाचे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोम या हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली. त्या गावांना धरण डोळ्यांसमोर असूनही शुद्धीकरण केंद्रातले पाणी पूर्णपणे मिळत नव्हते. अनेक जण टीडीएस मीटर बुडवून आकडा कमी आला की निर्धास्त होतात. तो मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. जंतूंसाठी पाहायचे ते क्लोरीन. ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) या क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे काही थेंब नळाच्या पाण्यात टाकले की पिवळसर रंग आला पाहिजे. रंगच आला नाही तर क्लोरीन उरलेले नाही. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे. बोअरचे आणि टँकरचे पाणी एकाच टाकीत मिसळत असेल तर ही चाचणी वेगवेगळ्या दिवशी दोनदा करावी. टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर आणि कठीणपणा २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर गिझर, वॉशिंग मशीन आणि डाळ शिजण्याला लागणारा वेळ, तिन्ही त्याची साक्ष देतील.

शाळेचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. मुंबई-बंगळुरू महामार्गाचा बायपास वाकड, ताथवडे, पुनावळे, बावधन, वारजे या भागांच्या मधून जातो. पलीकडे जायला ठरावीक पूल आणि अरुंद भुयारी मार्ग आहेत. पावसात पुनावळे-ताथवड्याच्या भुयारी मार्गांत पाणी साचले की दोन किलोमीटरला पाऊण तास जातो. घर आणि शाळा महामार्गाच्या एकाच बाजूला असावी, हा नियम मी सर्वांत वर ठेवीन, भाड्याच्याही वर. शाळेच्या बसबद्दल विचारताना शुल्काच्या आधी विचारावे की आपला थांबा कितवा. पहिल्या थांब्यावर चढणारे मूल सर्वांत जास्त वेळ बसमध्ये असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला एका वेळी चाळीस मिनिटांहून जास्त प्रवास नसावा.

शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे शासनाच्या नोंदीतला तिचा ओळख क्रमांक, अकरा अंकी असतो. तो विचारून शासनाच्या संकेतस्थळावर शाळेचे नाव, पत्ता आणि वर्ग जुळतात का ते पाहावे. 'सीबीएसई पॅटर्न' हे शब्द दिसले तर संलग्नता क्रमांक मागावा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. हे नववीत लक्षात आले तर मुलाला दहावीसाठी दुसरी शाळा शोधावी लागते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी अर्ज करणाऱ्यांना तर घराची जागा फारच जपून ठरवावी लागते. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य मिळते, अर्ज भरताना नकाशावर खूण घरावरच ठेवावी लागते आणि ती चुकीच्या जागी पडली तर सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. भाड्याच्या घरासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करारच चालतो, नोटरीचा चालत नाही, आणि तो अर्जाच्या आधीचा हवा.

म्हणूनच आल्या आल्या घर विकत घेण्यापेक्षा अकरा महिने भाड्याने राहावे, तेही ज्या शाळेत मुलांना घालायचे तिच्याच परिसरात. नाहीतर वर्षाने घर बदलताना शाळाही बदलावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. 'नोंदणीला फार खर्च येतो' हे खरे नाही. महिना २५ हजार भाडे, अकरा महिने आणि एक लाख अनामत धरली तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने सुमारे ७०० रुपये होते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे.

जागा पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळांत घर, शाळा, पाळणाघर, ऑफिस हा पूर्ण फेरा एकदा करावा. दोघेही नोकरी करत असतील तर पाळणाघर बंद होण्याआधी कोण पोचणार, हे त्याच दिवशी कळते. आजी-आजोबा सोबत असतील तर पीएमपी बसचा थांबा आणि दवाखाना चालत गाठता येतो का, वाटेत पदपथ सलग आहे का, हे त्यांना बरोबर नेऊन पाहावे. लोहगाव-धानोरीत विमानतळ आणि हवाई दलाच्या तळामुळे आवाज असतो. तान्हे बाळ असेल तर तिथे दिवसभर थांबून पाहावे.

नदी-ओढ्याकाठचे स्वस्त घर हे मोठे प्रलोभन असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरले. नील रेषा म्हणजे नदीची आतली पूररेषा, लाल रेषा त्याहून मोठ्या पुराची; नील रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते. चिखलीत इंद्रायणीच्या नील रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले. विकास आराखड्याच्या नकाशावर नील आणि लाल रेषा पाहाव्यात आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावे की पाणी कुठवर आले होते. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो.

नवीन प्रकल्पात भाड्याने जाताना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला देण्याची परवानगी) पूर्ण आहे की काही इमारतींपुरतेच, हे महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या संकेतस्थळावर दिसते. खेळाचे मैदान आणि क्लबहाउस बहुधा शेवटच्या टप्प्यात असते. तोवर मुले ट्रक आणि सळ्यांमध्येच खेळतात.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. मालमत्ता पुरवणीत प्रत्येक प्रकल्पाच्या जाहिरातीशेजारी चार गोष्टी छापण्याचा आग्रह धरावा: हद्द कोणाची, पाणी कोणत्या स्रोताचे आणि किती दिवसांनी, भोगवटा प्रमाणपत्राची स्थिती, आणि सर्वांत जवळचा पीएमपी थांबा. जागा थोडीच लागेल. एप्रिलमध्ये परगावाहून येणाऱ्या माणसाच्या हातात सर्वांत आधी हीच पुरवणी पडते.

आपला,
एक वाचक, पुणे