मुलगी चांगली आहे, म्हणून कागद नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या ओट्यावर सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आहे. रोज सकाळी त्यावर मुलीचे तांदूळ तोलते, कच्चे, ग्रॅमवर. पतसंस्थेत हिशेब लिहीत होते, तेव्हा आकड्यांचं मला वावडं नाही. पण पोटची पोर ‘आई, अजून दोन घास’ म्हणते आणि वहीत बघून नाही म्हणावं लागतं, ते अजून अंगवळणी पडलेलं नाही.

तिला एमएसयूडी आहे, म्हणजे मेपल सिरप युरिन डिसीज. लघवीला त्या पाकासारखा गोड वास येतो, म्हणून हे नाव. मेपल सिरप आमच्या कराडात कुणी पाहिलंय? आमच्या घरात तो वास काकवीचा. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही प्रथिनांमधली तीन अमिनो आम्लं तिच्या शरीराला मोडता येत नाहीत. ती रक्तात साठली की मेंदूवर जातात. म्हणून दूध, डाळी, अंडी, शेंगदाणे बंद. वाढीपुरती प्रथिनं एका खास पावडरीतून द्यायची, ज्यात ही तीन आम्लं नसतात. पोट भरायला साबुदाणा, आरारूट, तूप, फळं. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, त्यामुळे आमच्याकडे बारा महिने एकादशी. फक्त खिचडीत दाण्याचं कूट नाही.

हिच्या आधी मुलगा होता. २०१७ साली, अकरा दिवसांचा असताना गेला. पाचव्या दिवशी दूध ओढेना, मग ताठ व्हायला लागला. कागदावर ‘जंतुसंसर्ग’ लिहिलंय. सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘पोराच्या लंगोटाला गुऱ्हाळाचा वास येतोय गं,’ आणि आम्ही हसलो होतो. दोन वर्षांनी मुलीच्या वेळी एका बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या बाळाची चौकशी केली. मी सहज तो वास सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिसऱ्या दिवशीच रक्त मुंबईला पाठवलं. ती आज पहिलीत आहे, ती त्या एका प्रश्नामुळे.

हे नशिबावर सोडायची गरज नव्हती. जन्मजात आजार वेळेत ओळखायला बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घ्यायचे, ही युक्ती रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांची अशी तपासणी सुरू करून पाहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ तर २०१३ साली आपल्याच पालघरात फुटला. पथकं अंगणवाडीत येतात, वजन-उंची घेतात, चांगलं काम करतात. पण आमच्यासारखी मुलं अंगणवाडीच्या वयापर्यंत पोचली तर!

आता कागदांचं. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात खास आहारावर सांभाळता येणारे आजार दुसऱ्या गटात आहेत. त्या गटाबद्दल मूळ धोरणाचा सूर असा, की राज्य सरकारं मदतीचा विचार करू शकतात. पुढे २०२२ मध्ये केंद्राने सगळ्याच गटांना ५० लाखांपर्यंतच्या मदतीची सोय केली, ती ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक. पैसे रुग्णालयाकडे येतात, रुग्णालय खरेदी करतं, आणि मधे एखादी फाईल अडली की डबा अडतो. कॅन्सरचं औषध दोन आठवडे लांबलं तर लोकांच्या लगेच ध्यानात येतं. पावडर लांबली तर समोरचा म्हणतो, ‘बेबीफूडच ना?’ परदेशातून येणाऱ्या या पावडरीवरच्या सीमाशुल्क माफीसाठी लागणाऱ्या दाखल्यासाठी मी एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले. १ एप्रिल २०२३ पासून माफी आहे, हे तिथल्या लिपिकाला मीच मोबाईलवर दाखवलं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्या आयुष्यातली मी पहिलीच.

आणि ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले, ती आता. दिव्यांग कायद्यात २०१६ पासून २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आले, ते योग्यच झालं. आमचा आजार त्यात नाही. दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात डॉक्टरांनी मुलीला चालायला लावलं, नाव विचारलं, तिनं कविताही म्हणून दाखवली. ‘मुलगी चांगली आहे की!’ म्हणाले. चांगली आहे, कारण मी नोकरी सोडली आणि काटा घेऊन बसले. मी दोन-तीनदा कंटाळले असते, तिचा मेंदू सुजला असता आणि ती मतिमंद झाली असती, तर त्याच टेबलावर मला प्रमाणपत्र मिळालं असतं. कायदा केंद्राचा आहे, ठाऊक आहे मला. पण निदान झालेल्या मुलांना राज्याचं स्वतःचं कार्ड द्यायला कुणी अडवलेलं नाही. त्यावर जिल्हा रुग्णालयाच्या भांडारातून दर महिन्याला पावडर मिळावी आणि रक्ताची तपासणी मोफत व्हावी.

त्या कार्डाच्या मागच्या बाजूला चार ओळी छापा. ताप आला, उलट्या झाल्या की तिचं शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं आणि तीच तीन आम्लं रक्तात उसळतात. तेव्हा ग्लुकोजचं सलाईन ताबडतोब लागतं, रिपोर्टची वाट बघत नाही. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला तिला घेऊन एका दवाखान्यात गेलो. प्लॅस्टिकमध्ये घातलेलं डॉक्टरांचं पत्र मी पुढे केलं. ड्युटीवरच्या मुलानं ते वाचलंही नाही. ‘ओआरएस द्या, सकाळी आणा.’ ती तोवर भिंतीला धरून चालत होती, दारू प्यायल्यासारखी. माझा नवरा, जो कुणाला अरे म्हणत नाही, तो त्या रात्री ओरडला. सलाईन लागलं ते त्या ओरडण्यानं. सरकारी शिक्क्याचं कार्ड असतं तर ओरडावं लागलं नसतं, आणि ज्यांना ओरडता येत नाही त्यांचंही मूल वाचलं असतं.

आमचं लग्न नात्यातलं. त्यावरून मला घरात-दारात काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही. एवढंच, की जनुकातला दोष दोघांकडून एकेक आलेला असतो आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार असण्याची चारात एक ही शक्यता कायम राहते. हे समजावून सांगणारा समुपदेशक जिल्ह्याला एक असला, तरी बऱ्याच सुना माहेरी पाठवल्या जाणार नाहीत.

भेटीची वेळ दिलीत तर वही आणि काटा घेऊन येईन. शक्यतो लवकर द्या. फडताळात पावडरीचे दोनच डबे आहेत, आणि एक डबा जेमतेम सहा दिवस जातो.

आपली,
कराडची एक आई