केळीच्या भावाशेजारी एक क्रमांक

संपादक महोदय,

रावेर तालुक्यात केळीची बाग उभी असलेल्या माणसाला मे-जूनच्या वादळाची धास्ती नवी नाही; परंतु आता ती मोबाइलमधून रात्री-अपरात्री घरात शिरू लागली आहे. पहाटे तीनला जाग आली की माझा हात आपोआप उशाशी जाई, हवामान, भाव आणि युद्धाच्या बातम्या पाहता पाहता उजाडे, आणि बागेकडे निघताना छातीत धडधडत असे. अखेर सौभाग्यवतींनी रात्री मोबाइल स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे ठेवण्याचा दंडक घातला. झोप सुधारली; भाव मात्र आहेत तेच आहेत.

एवढ्याने ज्यांचे भागत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी मोफत, चोवीस तास चालणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आमच्या पारावर विचारले, तर हा क्रमांक एकालाही ठाऊक नव्हता. आपण तो रोज केळीच्या भावाशेजारी छापावा, ही विनंती. कारण आमच्याकडे तेच पान सर्वांत आधी उघडले जाते.

एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव