नेपाळमधल्या बेपत्तांच्या बायकांबद्दलही लिहा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला नेपाळच्या माओवादी युद्धावरचा लेख वाचला, चांगला होता, पण सगळा माओवादी नेते प्रचंड, तेव्हाचे पंतप्रधान देउबा आणि राजा ज्ञानेंद्र यांच्यातच संपला. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं चाललेल्या त्या युद्धात १३ हजारांहून जास्त माणसं मेली, तेराशेच्या वर बेपत्ता झाली. त्यातले बहुतेक पुरुष. मग त्यांच्या बायकांचं काय झालं हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

पश्चिम नेपाळातल्या बर्दिया जिल्ह्याचंच घ्या, २०० च्या वर लोक गायब, त्यातले बहुतेक तिथल्या थारू या आदिवासी समाजाचे आणि बहुतेकांना सुरक्षा दलांनीच उचलून नेलेलं. मेल्याचा पुरावा नाही, जिवंत असल्याची खबर नाही, आता त्या बाईने सिंदूर लावायचा की पुसायचा? लावला तर गाव म्हणणार नवरा नाही तरी नटते कशी, पुसला तर सासूला वाटणार हिनेच माझ्या लेकाला मेला ठरवलं. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, फार मोठं काम केलं, पण तिथे निदान नवरा गेला एवढं तरी नक्की असतं ना! बर्दियात तेही नाही. मृत्यूचा दाखला नाही म्हणून जमीन नावावर होत नाही, पोरांच्या नागरिकत्वाच्या कागदासाठी बापाचे कागद मागतात तिथेही अडकतं, आणि सरकारी मदत आली की ती सुनेची की आईबापाची यावरून घरातच भांडण. ज्यांच्यावर बलात्कार झाले त्या बायकांना तर या मदतीच्या यादीतच घेतलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

माओवाद्यांच्या फौजेतल्या बायकांचंही तसंच. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी त्या फौजेची तपासणी केली, त्यात नोंदलेल्या १९,६०२ सैनिकांपैकी ३,८४६ बायका होत्या, कित्येकींनी पक्षात जात मोडून लग्नं केली, आणि युद्ध संपल्यावर त्याच लग्नांमुळे सासर-माहेर दोन्ही दारं अवघड झाली.

नेपाळ सरकारने २०१५ ला दोन आयोग नेमले, एक युद्धातल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी आणि एक बेपत्तांसाठी, २०२४ ला त्या आयोगांचा कायदा सुधारला. तुमचा प्रतिनिधी काठमांडूला गेला तर त्याला बर्दियालाही पाठवा, आणि बेपत्तांच्या आयोगाला विचारायला सांगा की नवऱ्याला मेला असं लिहून न देता या बायकांच्या नावावर जमीन कधी होणार.

आपली,
एक वाचक, सातारा