आठव्या महिन्यातलं बाळ आणि पाण्याची बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जुलैत माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी जांबोटीकडच्या आमच्या गावी आली होती. ३२ आठवडे भरले आणि भर पावसात कळा सुरू झाल्या. तालुक्यातल्या एका दवाखान्यात बाळ झालं, दीड किलोचं. आधी रडलं, मग कण्हायला लागलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या. मी जन्मभर शाळेत मुलं सांभाळली, पण ते कण्हणं मला भुकेचं वाटलं.

तिथे नाकाशी ऑक्सिजन धरला आणि बेळगावला न्यायला सांगितलं. पावसाने त्या रस्त्याला दोन तास लागले. पोचलो तेव्हा बाळाचे ओठ निळे पडले होते.

बेळगावात त्याच्या नाकात दोन बारीक नळ्या बसवल्या. त्या यंत्रणेची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीत सारखे बुडबुडे. मी हबकले. नळ्या लागल्या म्हणजे संपलं, असंच आमच्याकडे समजतात. कानडी सिस्टरबाईंनी जमेल तशा मराठीत समजावलं. नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलेलं असतं, त्यामुळे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात तेवढा दाब राहतो. दिवस न भरलेल्या बाळाच्या फुफ्फुसात आतून लागणारा स्निग्ध थर पुरता तयार झालेला नसतो. म्हणून श्वास सोडला की आतल्या हवेच्या पिशव्या मिटतात आणि पुढचा श्वास पुन्हा जोर लावून ओढावा लागतो. आणि ते कण्हणं? घसा आवळून हवा आत धरून ठेवायची बाळाची स्वतःची धडपड. ते ऐकून मला रडू आवरेना. गाडीत दोन तास माझं नातवंड एकटं झगडत होतं आणि मी त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळत बसले होते.

श्वासाला असा सतत आधार देण्याची पद्धत १९७१ पासून जगाला माहीत आहे. नुसता ऑक्सिजन मिटलेलं फुफ्फुस उघडं ठेवत नाही. उलट न मोजता जास्त दिला तर अशा बाळाच्या डोळ्यांना इजा होते. मग ही बाटली बेळगावलाच का? खानापूर, चंदगडच्या बाजूची माणसं आधी जवळच्या दवाखान्यातच धावतात. बाळाला हा आधार तिथेच लागला पाहिजे आणि वाटेत गाडीतही चालू राहिला पाहिजे. नुसतं यंत्र आणून ठेवून भागणार नाही. बुडबुडे थांबले, नळी नाकातून निसटली, हे बघणारी शिकलेली सिस्टर रात्रीपाळीलाही हवी.

आणखी एक. अकाली कळा लागलेल्या आईला वेळेत डेक्सामेथासोन नावाचं औषध दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. २०२० साली ह्याच औषधाचा पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपलं बेळगावही होतं. माझ्या लेकीला त्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

शेजारणी म्हणाल्या, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही." हे साफ खोटं आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकी फुफ्फुसं पक्की. ह्या समजापायी कुणी बाळाला घरीच ठेवू नये, म्हणून मुद्दाम लिहिते. कण्हणं, छातीत खड्डा पडणं, मिनिटाला साठाहून जास्त श्वास, ह्यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. प्रसूती विभागातल्या भिंतीवर ही चिन्हं कन्नडशेजारी मराठीतही लिहून लावावीत, एवढी विनंती मी आमच्या तालुक्याच्या आरोग्याधिकाऱ्यांनाही लेखी दिली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव