आप्पा, इथला चढ असा आहे

लीड्स

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरी-संसार सांभाळून रात्री संगणकावर गाडी चालवण्यात काय मिळतं, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

‘ट्रेन सिम्युलेटर’ नावाच्या खेळाला हवा तो मार्ग विकत घेऊन जोडता येतो. मी घेतलाय उत्तर इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल. लीड्सहून कार्लाइलला जाणाऱ्या गाड्या याच मार्गाने जातात. मिडलंड रेल्वेने १८६९मध्ये तो बांधायला घेतला आणि १८७६मध्ये प्रवासी गाड्या सुरू केल्या. कंपनीला मेल गाड्या जोरात पळवायच्या होत्या, म्हणून चढ १०० फुटांना १ फुटाच्या आसपासच ठेवला आणि त्यासाठी १४ बोगदे खोदले. कर्जत-लोणावळ्याच्या ३७ फुटांना १ फूट चढापुढे हे तुम्हाला सपाटच वाटेल. पण इथला चढ सेटलपासून ब्ली मूरच्या बोगद्यापर्यंत पंधराएक मैल पाठ सोडत नाही, आणि मागून जोर द्यायला कर्जतसारखा बँकर नाही.

या गाडीने मी खिडकीशी बसून गेले आहे, पण चढ कधी जाणवला नाही. खेळात वाफेचं इंजिन घेतलं आणि कळला. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, फार उघडला तर वाफ पुरत नाही, बॉयलरमध्ये पाणी सोडलं की दाब उतरतो, पावसात चाकं जागच्या जागी फिरतात आणि पकड यावी म्हणून रुळांवर वाळू सोडावी लागते. नव्या सेक्शनवर गाडी चालवण्याआधी तुम्ही रोड लर्निंगला, म्हणजे तो मार्ग पाठ करायला, जायचात, तेव्हा आई म्हणायची, रूळ ठरलेले, मग शिकायचं काय? आता मला ते समजतं. पुढे काय आहे हे ठाऊक नसेल तर वाफ कुठे राखायची हे ठरवताच येत नाही.

वाटेत रिबलहेडचा पूल लागतो. २४ कमानी, उंची १०४ फूट, भोवती नुसतं दलदलीचं माळरान. दर सहावा खांब मुद्दाम जाड बांधलाय, म्हणजे एखादी कमान कोसळली तरी सगळा पूल ओळीने जाऊ नये. बांधणारे मजूर तिथेच झोपड्या टाकून राहत. देवीच्या साथीत आणि अपघातांत कितीतरी गेले, जवळच्या चॅपल-ल-डेलच्या दफनभूमीत दोनशेहून अधिक जणांना पुरलंय. आपल्या भोर घाटात रेल्वे बांधताना मेलेल्या हजारोंची आठवण झाल्याशिवाय मला तो पूल ओलांडता येत नाही.

आणि हे ऐका. याच मार्गावर गार्सडेलला रुळांच्या मधोमध पाण्याच्या लांब पन्हळी होत्या. इंजिन धावता धावता त्यातून पाणी उचलायचं. हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून त्या वाफेने तापवत!

१९८०च्या दशकात हा मार्ग बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. रिबलहेडच्या पुलाची दुरुस्ती परवडत नाही, हे मोठं कारण. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला. त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, आणि तोही हरकत म्हणून धरला गेला. १९८९मध्ये सरकारने मार्ग बंद करायचा विचार सोडला. त्या कुत्र्याचा पुतळा आज गार्सडेल स्टेशनवर आहे. तुम्ही दोघं आलात की आधी तिथेच नेईन.

आता माझं काम. एस गिलच्या माथ्यावरून कार्लाइलकडे लांब उतार आहे. व्हॅक्युम ब्रेकच्या (नळीतली हवा ओढून चालणाऱ्या जुन्या ब्रेकच्या) काळात तुम्ही उतारावर ब्रेक थोडा थोडा लावून सोडत होतात, की एकदा लावून तसाच धरून ठेवत होतात? सविस्तर लिहून पाठवा, आकृती काढलीत तर फारच बरं.

आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध चुकवू देऊ नका.

तुमची,
धाकटी