लस दिली का नका विचारू, कार्ड दाखवा म्हणा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागल्या महिन्यात आमच्या गल्लीत कॉलेजची दोन पोरं फॉर्म घेऊन आली होती. कुत्र्या-मांजराच्या लसीबद्दल मालकाला काय माहीत आहे आणि काय वाटतं, असा त्यांचा अभ्यास होता. उन्हातान्हात फिरायली होती बिचारी, बसवून चहा पाजला. रेबीजची लस दिली का? मी म्हणलो हाव, दिली की. टिक. दरवर्षी देता का? हाव. टिक. हे दुसरं तर मी तोंडदेखलंच म्हणलो, घरी आलेल्या पोरांसमोर नाही कसं म्हणायचं.

रात्री कपाटातून आमच्या मोत्या कुत्र्याचं लसीचं कार्ड काढलं तर त्यावर एकच तारीख, २०२२ ची, पिल्लू आणलं तवाची. आणि ती पण पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या रोगांच्या लसीची! ही लस पिल्लू दीड-दोन महिन्याचं झालं की सुरू करतात, रेबीजची वेगळी असते अन् ती तीन महिन्यानंतर, मग दरवर्षी, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेल्यावर कळलं. आमच्या घरात सगळ्याच सुयांना ‘रेबीजचं इंजेक्शन’ म्हणायची पद्धत. म्हणजे तीन वर्षं लेकरं ज्याच्या गळ्यात पडून खेळायलेत त्याला ती लस टोचलेलीच नव्हती आणि फॉर्मवर मात्र मी जागरूक मालक! अशा टिका अजून किती घरातून गेल्या असतील देव जाणे.

दुसरी गोष्ट आखाड्याची, म्हणजे शेतातल्या गोठ्या-खोपीची. आमच्या भावाच्या शेतात आखाड्यावर तीन कुत्रे आहेत, सालगडी रोज भाकर टाकतो, रात्री तेच राखण करतात, रानडुकरामागं पळतात. पण भावाला विचारा, तुमचं कुत्रं आहे का? तो म्हणेल आमचं कुठं, ते आखाड्यावर असतं. मालकच नाही तर फॉर्म भरणार कोण? शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रेबीज पसरायचा थांबतो म्हणतात आणि २०३० पर्यंत कुत्र्यापासून होणाऱ्या रेबीजनं माणूस मरायला नाही पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलंय, ठीक आहे, पण आखाड्यावरचे मोजलेच नाहीत तर ते सत्तर कशातले?

भावाला म्हणलं लस टोचून घे, तर तो म्हणतो अरे ज्याच्या गळ्यात आयुष्यात पट्टा पडला नाही त्याला मोटरसायकलवर कसं बसवू, तूच दाखव. बोलणं खरंय. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. हाच माणूस २०२२ ला ढोरांवर लम्पी रोग आला तवा गायीला लस कधी येती म्हणून रोज फोन करत होता आणि लस देणारे गोठ्यापर्यंत आले होते. ढोरं तपासायला आखाड्यावर येणाऱ्या डॉक्टरनं डब्यात बर्फ घालून कुत्र्याचे चार डोस सोबत आणले तर काय बिघडतं? (थंड मात्र राहिले पाहिजेत, २ ते ८ डिग्रीत, आमच्याकडची लाईट बघता हा पण एक प्रश्नच आहे.)

गैरसमज तर विचारूच नका. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं म्हणून पाणी पिताना दिसलं की लोक बिनधास्त, खरं तर पाण्याची ती भीती रेबीज झालेल्या माणसात दिसते, कुत्र्यात तसं असंलच असं नाही. चावलं की अजून पण मिरची नाहीतर चुना लावतात, आणि पंधरा मिनिटं साबणानं धुवा म्हणलं की हसतात. बेंबीतल्या चौदा इंजेक्शनची धास्ती पण गेली नाही, ती पद्धत बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली, आता दंडात चार-पाच वेळा घ्यायचं, सरकारी दवाखान्यात फुकट. एकदा लक्षणं दिसली की मग मात्र इलाज नाही.

परभणीला अन् उदगीरला आपल्याकडं जनावरांच्या डॉक्टरकीचे कॉलेज आहेत, तिथल्या सरांनी असा अभ्यास करताना गल्लीसोबत आखाडे पण धरावेत आणि हो-नाही विचारण्याआधी कार्ड मागावं, एवढीच विनंती.

आणि ती दोन पोरं हे वाचत असतील तर माझा फॉर्म दुरुस्त करा बाबांनो. दोन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहा. रेबीजची पहिली लस तुम्ही येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

आपला,
एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)