मुलांच्या बँडला हॉल देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

विषय: सोसायटीतल्या मुलांच्या बँडला पहिल्या कार्यक्रमासाठी हॉल मिळण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मुलांचा अर्ज गेल्या बैठकीत ‘आवाजाचा त्रास होईल’ एवढ्या एका ओळीवर निकालात निघाला, असं नोटीस बोर्डावरून कळलं. त्याचा फेरविचार व्हावा म्हणून हे पत्र. माझं घर हॉलच्या बरोबर वर आहे आणि या बँडमध्ये माझ्या घरातलं कुणी नाही. म्हणजे त्रास झालाच तर सगळ्यात आधी मला होणार, आणि कौतुक करून घ्यायला माझं कुणी तिथे नसणार.

मुलं अजून फार चांगली वाजवत नाहीत, हेही सांगून टाकते. तळमजल्यावरच्या खोलीत खिडक्या लावून त्यांची प्रॅक्टिस चालते. मी एकदा दारात उभी राहून ऐकली. मोठ्या ड्रमच्या पोटात जुनी चादर कोंबलेली होती, म्हणजे घुमू नये. गिटारवाला दर गाण्यानंतर तारा जुळवत बसतो. ड्रमरचा हात कडव्यागणिक पळायला लागतो आणि बाकीचे त्याच्या मागे धावतात. मग कुणीतरी हात वर करतं, सगळे थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

नेमकं हे थांबणंच कार्यक्रमात चालत नाही. ‘बाहेर स्टुडिओ भाड्याने घ्या की’ असं एक सभासद म्हणाले, त्यांना माझं उत्तर हेच आहे. स्टुडिओत तास घेऊन प्रॅक्टिसच होते. चुकलं तरी पुढे रेटायचं, शब्द विसरला तर ती ओळ गिटारवर काढायची, तार तुटली तर तिघांनी वेळ मारून न्यायची, हे समोर माणसं बसल्याशिवाय येत नाही. खोलीत सगळे एकमेकांकडे तोंड करून वाजवतात, नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर गाणं संपतं. स्टेजवर तोंड लोकांकडे. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे असतात, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांना जातो आणि त्याचा त्यालाच ऐकू येत नाही. मग तो ओरडतो, बेसूर होतो, आणि तोवर गिटारवाल्याने अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, वाढवलेला असतो. नव्या बँडचा आवाज चढतो तो बहुतेक असाच, घाबरल्यामुळे. समोर ऐकणारेही मित्र नसावेत. मित्र कशालाही टाळ्या देतात. गाणं पडलं की मोबाइल काढणारे शेजारीच हवेत, आणि तसे आपल्याकडे भरपूर आहेत.

दुसरीकडे हे कसं झालं, त्याचा एकच दाखला देते. १९५७ च्या जुलैत लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या चर्चच्या जत्रेत क्वारीमेन नावाचा शाळकरी पोरांचा बँड वाजला. चहाच्या खोक्याचा बेस आणि कपडे घासायची पत्र्याची फळी हीदेखील असल्या बँडची तेव्हाची वाद्यं. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये त्या बँडमधल्या जॉन लेननची पॉल मॅकार्टनीशी गाठ पडली, आणि पुढे हे दोघे ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध बँडमध्ये वाजले. आपली मुलं बीटल्स होणार, असं मी म्हणत नाही. प्रॅक्टिस ऐकल्यावर तर नाहीच. पण तिथल्या कुणीतरी हॉल उघडून दिला होता.

आता आवाजाचं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि जोरात वाजवलेला ड्रमसेट जवळून १०० च्या पुढे सहज जातो. पण खासगी आवारातल्या साउंड सिस्टिमचा आवाज आवाराच्या हद्दीवर मोजायचा असतो. ड्रमरच्या कानाशी तो किती आहे, याने काही ठरत नाही. शिवाय छोट्या हॉलमध्ये सगळ्याचा आवाज ड्रमवर ठरतो: ड्रम जितका मोठा, तितका गिटारचा अँप, आणि तितकाच गाणाऱ्याचा माइक. म्हणून ड्रमला माइक लावू द्यायचा नाही आणि जाड काठ्यांऐवजी ब्रश किंवा बारीक काड्यांच्या जुड्या वापरायला लावायच्या. तेवढ्याने बाकीचं सगळं आपोआप खाली येतं. पडदे लावून बेस गिटारचा खर्जातला आवाज अडत नाही, तो भिंतीतून आणि जमिनीतून जातोच. त्यामुळे बेसचा अँप फरशीवर न ठेवता मजबूत टेबलावर, खाली फोम घालून ठेवायचा. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या हॉलमध्ये होतो तेव्हा आवाज जास्त घुमतो. माणसं बसली की बराच शोषला जातो. तेव्हा साउंडचेक ऐकून कुणी तक्रारवही उघडू नये.

वेळ मी अशी सुचवते: शनिवारी संध्याकाळी सातला सुरू आणि आठच्या आत बंद. रात्री दहाची कायद्याची मर्यादा त्याच्या खूप पुढे आहे. मुलांकडे नीट बसलेली पाच-सहा गाणी आहेत, तेवढीच वाजवावीत. ‘वन्स मोअर’ आला तरी नवं काही काढू नये. दोन गाणी त्यांची स्वतःची आहेत, ती मधे घ्यावीत. परीक्षांचे दिवस टाळावेत, आणि ज्येष्ठांच्या घरी मुलांनी स्वतः जाऊन आधी सांगून यावं. चिठ्ठी सरकवून चालणार नाही. स्पीकरच्या परवानगीचं जे काही असेल ते सचिवांनी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. ती धावपळ मुलांवर टाकू नये.

‘आज बँड, उद्या डीजे’ या भीतीबद्दल एवढंच: उद्या डीजेचा अर्ज आला तर त्याला नकार देणाऱ्यांत पहिली सही माझी असेल.

एक गोष्ट मात्र मंजुरीची वाट न बघता करावी. हॉलमधल्या स्टेजजवळच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं. प्लग लावला की तो सैल हलतो. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँप आणि माइक यांतल्या एकाचं जरी अर्थिंग गेलेलं असलं, तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागल्याबरोबर करंट अंगातून जाऊ शकतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झीत ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. तो सराईत कलाकार होता. आपल्या मुलांना तर माइक कसा धरायचा हेही अजून ठरवायचंय. हॉल बँडला मिळो न मिळो, त्याच सॉकेटवर आपण सभेचा माइक लावतो. इलेक्ट्रिशियनला या आठवड्यातच बोलवावं. किल्ली घेऊन मी थांबेन.

आपली विश्वासू,
एक सभासद,
हॉलच्या वरचा फ्लॅट